नामदेवभाऊंचं नाक

आमच्या चामोर्शीच्या शाळेत दोन गोष्टी फुकटात साचतात: जुने पेपर आणि किस्से. पेपर दिवाळीआधी रद्दीवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून स्टाफरूममधली सगळ्यात जुनी बाई या नात्यानं ते माझ्याकडेच राहिलेत. त्यातले बरेचसे चहाचे आहेत. पूर्वी ते सांगताना आम्ही शेवटपर्यंत हसायचो. आता हसत सुरुवात करतो आणि मध्येच कुठेतरी गप्प होतो.

*

सुरुवात केली गणिताच्या रामटेके सरांनी. स्टाफरूममधलं चहाचं पाकीट संपलं होतं, बाजाराचा दिवस होता, आणि सर बसस्टँडमागच्या एका टपरीएवढ्या दुकानातून सुटी पत्ती घेऊन आले. पेपरच्या पुडीत! आमच्या शिपाई मंदाबाईंनी पुडी उघडून आत बघितलं.

"सर, हे चायपत्ती आहे का अंगण झाडून आणलं?"

चहा झाला. सगळ्यांनी घेतला. मंदाबाईंनी मुकाट्यानं स्वतःसाठी दुसरा कप ओतला, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

"म्हणजे इतकी वर्षं आपण काय पिऊन राह्यलो होतो?" रामटेके सर म्हणाले.

*

पुढच्या शनिवारी मी स्वतः त्या दुकानात गेले. नामदेवभाऊ म्हणजे साठीचा बारीक माणूस. मागे पत्र्याचे चार डबे, शेजारी पुड्या बांधत बसलेल्या त्यांच्या पत्नी, शांताबाई. मी पाव किलो मागितली.

"पाणी कोणतं?" भाऊंनी विचारलं.

"म्हणजे?"

"घरी पाणी कोणतं येते? नळाचं का बोअरचं?"

"बोअरचं."

"मंग हे नाई देत तुमाले. जड पाण्यात हे पत्ती मरते."

त्यांनी दोन डब्यांतली पत्ती तळहातावर मिसळली, मूठ मिटली, तिच्यावर गरम श्वास सोडला आणि नाक लावलं. आणखी एक चिमूट घातली, पुन्हा वास. माझ्यामागे चार माणसं उभी होती, पण घाई कोणालाच नव्हती.

"त्यायचं नाक म्हंजे सासू आहे," शांताबाई म्हणाल्या. "पसंत पडल्याबिगर कोणाले घरात घेत नाई."

*

मध्ये वर्षभरासाठी रामटेके सरांना एटापल्लीच्या शाळेत पाठवलं. तिथं त्यांनी मोठ्या कौतुकानं नव्या स्टाफला आपल्या पत्तीचा चहा पाजला आणि तो पाणचट झाला. सर तक्रार घेऊन दुकानात हजर.

"तिथलं पाणी कुठी आहे?" भाऊ म्हणाले. "पाणी पाह्यल्याबिगर मी काय सांगू?"

पुढच्या शनिवारी सर खरंच तिथल्या हातपंपाचं पाणी बाटलीत भरून निघाले. एसटीत ती बाटली मांडीवर धरून बसलेले बघून शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कोण्या तीर्थाचं आणलं, बापू?"

"हातपंपाचं आहे, माय. चहासाठी."

म्हातारीनं तरीही हात जोडले.

*

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत भाऊ आजारी पडले. दुकान दोन महिने बंद होतं. उघडलं तेव्हा ते आणखी वाळलेले दिसले. नेहमीसारखी त्यांनी मूठ मिटली, श्वास सोडला, वास घेतला. मग शांताबाईंकडे बघितलं. शांताबाईंनी पुडी बांधता बांधता हात पुढे केला आणि त्यांच्या हातावरची चिमूटभर पत्ती आपल्या नाकाशी नेली.

"दाणेदार पत्ती टाका थोडी," त्या हळूच म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला माझ्या लक्षात आलं. तापात भाऊंचं नाक गेलं होतं आणि ते परत आलंच नव्हतं. गिऱ्हाइकांसमोर ते वास घेत होते, पण नाक आता शांताबाईंचं होतं. मी रामटेके सरांना सांगितलं, तर त्यांना आधीच माहीत होतं.

"कोणापाशी बोलू नका, मॅडम. त्यांचं सगळं दुकान त्या नाकावर उभं आहे."

*

मागच्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात शांताबाई गेल्या. सकाळी छातीत दुखलं आणि गडचिरोलीला पोचेपर्यंत सगळं संपलं. पंधरा दिवसांनी भाऊंनी दुकान उघडलं. आम्ही स्टाफरूमनं मिळून एक किलो पत्ती घेतली.

मंदाबाईंनी आधण ठेवलं आणि खोलीभर मोगऱ्याच्या उदबत्तीचा वास सुटला. शांताबाईंच्या फोटोसमोर लावायचे पुडे भाऊंनी पत्तीच्याच डब्यात ठेवले असणार. त्यांना कळायला मार्गच नव्हता.

"सर, हा चाय पियाचा का ओवाळाचा?" मंदाबाई म्हणाल्या, आणि बोलून झाल्यावर त्यांचेच डोळे भरले.

बिनसाखरेचा पिणाऱ्यांनीही त्या दिवशी साखर मागितली. पण ती किलोभर पत्ती आम्ही संपवली, महिनाभर, रोज दोनदा. बाकीच्या गिऱ्हाइकांनी हळूहळू दुकान बदललं. त्यांना तरी काय दोष देणार?

*

परवाच्या शनिवारी गेले तर दुकानात कोणीच नव्हतं. भाऊंनी पत्ती तोलली आणि वास न घेताच पुडी बांधली.

"मॅडम, तुमाले मालूम आहे ना?"

"हो, भाऊ."

"सरायले? मंदाबाईले?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"मंग पत्ती काऊन नेता?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. उठून मागच्या पेटीतून त्यांनी एक हिरवं लुगडं काढलं.

"तिनं जायच्या आदल्या दिवशी नेसलं होतं. खुटीवर राह्यलं. पोरगी म्हणते, बाबा, आता धुवून टाका." लुगडं त्यांनी माझ्या हातात दिलं. "पाहा बरं नाकाले लावून. तिचा वास येते का अजून?"

मी लुगडं नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरलं.

"येते, भाऊ."

त्यांनी ते परत घेतलं आणि होती तशीच घडी घातली.

"मंग नाई धूत," ते म्हणाले.