उंबू रेतांगचे पूर्वज

माझे दाजी उंबू रेतांग यांना पूर्वजांची खाज होती. दुसरा शब्द मला सापडत नाही. आमच्या सुंबा बेटावर कबरी प्रत्येकाच्याच दारात असतात, पण यांच्या दगडी कबरीला टेकून कुणी नुसती जांभई दिली, तरी त्याला ऐकावं लागे, की आमचा मूळपुरुष समुद्र ओलांडून आला, त्यानं गाव वसवलं आणि बायका जिंकल्या.

त्यांच्या मुलीनं, हामूनं, न्दिलू नावाच्या मास्तराशी लग्न करायचं म्हटल्यावर ही खाज फारच वाढली. मुलीच्या बापाला द्यायला न्दिलूकडे ना घोडे, ना रेडे. अशा माणसाला आमच्यात एकच वाट असते. बायकोच्या घरी येऊन राहायचं, पोरं बायकोच्या कुळाची. न्दिलू त्यालाही तयार होता.

"घरजावई?" दाजी कडाडले. "माझ्या घराची शिडी चढणार? आमच्या कुळात असला बाप्या आजवर झाला नाही!"

तेवढ्यात जावाहून एक संशोधक बाई आल्या. जुन्या हाडांतून, दातांतून कोण कुणाच्या रक्ताचं ते त्या शोधत. दाजी हुरळले. पूर्वजांची परवानगी म्हणून कोंबडी कापली. आतडं वाचणाऱ्या म्हाताऱ्यानं "शुभ आहे" म्हटलं, कोंबडी त्याच्याच पोटात गेली, आणि सगळ्यात जुनी कबर उघडली गेली.

वर्षभरानं बाई निकाल घेऊन आल्या. शहाण्या माणसानं तो आधी एकट्यानं ऐकला असता. दाजींनी डुकरं मारून सगळं कुळ जेवायला बोलावलं.

बाई चाचरत म्हणाल्या, "इथे पुरलेल्या बायका एकमेकींच्या रक्ताच्या आहेत. आई, मुलगी, नात, पणती. त्यांचे नवरे मात्र दर पिढीला वेगळ्याच वंशाचे. बाहेरून आलेले."

"म्हणजे?" दाजींनी विचारलं.

"म्हणजे घरजावई, दाजी," मी म्हणालो. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. लोकांच्या तोंडात घास होते, त्यामुळे त्यांना धड हसताही येईना.

"ती हाडं आमची नाहीतच!" दाजी ओरडले. "कुणीतरी आणून टाकलीत आमच्या कबरीत!"

मला त्यांची खरंच लाज वाटली. एक जावई टाळण्यासाठी या माणसानं जन्मभर पुजलेले आजे-पणजे भर जेवणात हाकलून दिले.

हामू पुढे आली. "बाबा, नक्की? आपलं कुणीच नाही त्या कबरीत?"

"कुणी नाही!"

"मग आपण या गावचे कसे? ज्याची हाडं गावात नाहीत तो उपरा, हे तुम्हीच शिकवलंत. उपऱ्याच्या पोरीसाठी घोडे कोण देतो हो? न्दिलू मला पत्करतोय तेच उपकार समजा."

दाजींनी आधारासाठी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून हाड चोखत राहिलो.

तेव्हा माझी बहीण उठली. न्दिलू कुंपणाबाहेर उभा होता. त्याला तिनं हाताला धरून आत आणलं, ओसरीवर बसवलं आणि पान-सुपारीची टोपली त्याच्यापुढे ठेवली. टोपली पुढे ठेवलेल्या माणसाला आमच्यात कुणी उठवत नाही.

सगळे दाजींकडे बघू लागले. दाजींनी टोपलीत डोकावून पाहिलं.

"अगं," ते अखेर बायकोला म्हणाले, "चुना विसरलीस."