ताईची रक्त पातळ करायची गोळी

माझी ताई हार्टने गेली नाही.

वर्षभर लोक हेच म्हणतायत. "व्हॉल्व बदललेला होता ना? शेवटी हार्टनेच नेलं."

नाही हो. हार्ट शेवटपर्यंत चालू होतं.

आज ताईला जाऊन वर्ष झालं. म्हणून एकदा नीट सांगते.

लहानपणी सांधे सुजून ताप यायचा तिला. त्या तापाने हृदयाची झडप खराब झाली. कॉलेज संपता संपता ऑपरेशन झालं आणि धातूचा व्हॉल्व बसला.

खोलीत शांतता असली की टिकटिक ऐकू यायची.

"घड्याळ गिळलंय मी," असं शाळेतल्या पोरांना सांगायची. सुरगाण्याकडच्या शाळेत शिक्षिका होती. आठवडाभर तिकडे राहायची, शनिवारी जीपने नाशिकला घरी यायची.

ऑपरेशननंतर रोजची एक गोळी मागे लागली. वॉरफरिन. रक्त पातळ करायची.

आई म्हणायची, "बरी झालीस ना आता? मग ही गोळी बंद का नाही होत?"

"आई, धातूवर रक्ताची गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली तर लकवा. म्हणून रक्त पातळ ठेवायचं. पण फार पातळ झालं तर वाहायला लागलेलं थांबत नाही. धड हे नाही, धड ते नाही."

"म्हणजे कसं गं?"

"बुद्धाने सांगितलाय ना मधला मार्ग? तोच!"

आई रागवायची आणि हसायचीसुद्धा.

तो मधला मार्ग ताईने जिवापाड सांभाळला. रक्त किती पातळ आहे ते सांगणारी INR टेस्ट कधी चुकवली नाही. मेथी-पालक खायची, पण दर आठवड्याला सारखंच, कारण पालेभाजी एकदम वाढली की गोळीचा जोर कमी पडतो. डोकं कितीही दुखलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेनकिलर नाही.

आणि मग तो शनिवार.

घाटात जीपसमोर बैल आला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. ताईचं डोकं समोरच्या लोखंडी दांड्यावर आपटलं.

रक्त नाही. जखम नाही. नुसतं टेंगूळ.

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, काय नाय झालं. पुढं थांबू, चहा घ्या, बरं वाटंल."

"दादा, मला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. आत रक्त सुरू झालं असेल तर बाहेरून दिसणार नाही. कुठेही थांबू नका. सरळ नाशिक."

त्या भल्या माणसाने खरंच कुठे थांबवली नाही. जीपमधलं एकही माणूस कुरकुरलं नाही.

ताईने मला फोन केला. आवाज अगदी रोजचा.

"छोटे, हॉस्पिटलला जा आणि सांगून ठेव. डोक्याला मार, वॉरफरिन चालू. आईला आत्ता काही बोलू नकोस."

मग शेजारी बसलेल्या, तिच्याच शाळेतल्या पवार मॅडमना म्हणाली, "तिथे पोचेपर्यंत मला बोलता येईलच असं नाही. तुम्ही सांगाल? म्हणून दाखवा बघू."

वर्गात पोरांकडून घोकून घ्यायची तसं तिने त्यांच्याकडून घोकून घेतलं. गोळीचं नाव. किती पॉवरची. शेवटचा INR किती. व्हॉल्व धातूचा.

पवार मॅडम रडत रडत म्हणत होत्या.

"छान," ताई म्हणाली. "पुन्हा एकदा."

दिंडोरीच्या अलीकडे तिची जीभ जड झाली.

स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ती माझ्याकडे बघत होती, पण शब्द येत नव्हते. पवार मॅडमनी एका दमात सगळं सांगितलं. डॉक्टरांनी एक मिनिट घालवलं नाही. सीटी स्कॅन, गोळीचा असर उलटवायची औषधं, प्लाझ्मा, ऑपरेशन.

तरीही...

ती पुन्हा शुद्धीवर आली नाही.

डॉक्टर म्हणाले, "पेशंटने करण्यासारखं सगळं केलं होतं. आम्हीही केलं. मेंदूतला रक्तस्राव फार मोठा होता."

सगळं बरोबर करूनही माणूस जातं. हे कुठे ठेवायचं असतं, मला अजून कळलेलं नाही.

एक हात जोडून विनंती. हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. त्याच गोळीने ताई आम्हाला इतकी वर्षं मिळाली. गोळी नसती तर गुठळी धरून व्हॉल्व केव्हाच अडकला असता. फक्त घरात कुणाला अशी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला, तर टेंगूळ बघत बसू नका. लगेच हॉस्पिटल गाठा.

काल आईने विचारलं, "तिला फार दुखलं असेल का गं?"

मी म्हणाले, "नाही गं आई."

खरं काय, मला माहीत नाही.

ताई, तुला तुझ्या छोटीचा आणि आईचा अखेरचा जयभीम.