खटक्यातलं कुंकू

माझा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मजूर तुकडीतून आसामच्या सरहद्दीवर गेला होता. तिथल्या डोंगरी लोकांकडे त्याने आडवं धनुष्य पाहिलं. परत आल्यावर तसंच स्वतः बनवलं: सागवानी दांडा, बांबूची कमान, तागाची पिळलेली दोरी. चांदा जिल्ह्यातल्या आमच्या गावात असं हत्यार कुणी पाहिलं नव्हतं. धानाच्या बांधावरून तो ते नांगरासारखं खांद्यावर घेऊन चालला की शेजारचा शेतकरी विचारायचा, "काऊन भाऊ, डुकराले मारून राह्यला का त्याच्यावर नांगर फिरवून राह्यला?"

"तू आपलं वावर सांभाळ. माह्याकडून पळालेलं डुक्कर तुह्याकडंच येते," भाऊ म्हणायचा.

बंदुकीचा परवाना आमच्यासारख्यांना मिळत नसे. धान पिकायला लागलं की रानडुकरं येत, आणि एका कळपाला एक बांधी, म्हणजे धानाचा एक तुकडा, लोळवायला फार वेळ लागत नसे.

या धनुष्यात दोरी हाताने धरायची नसते. दांड्यावर खटका असतो. ताणलेली दोरी खटक्याच्या ओठात अडकते. खालची कळ दाबली की ओठ खाली जातो आणि दोरी सुटते. ओठ खरखरीत असेल तर दोरी दर वेळी थोडी थोडी कापली जाते, आणि तीही खालच्या अंगाने, वरून दिसत नाही. नेम धरताना गाल दांड्याला टेकलेला असतो. दोरी डोळ्यापासून चार बोटांवर. भाऊ एकच वाक्य सांगायचा, "दोरी तुटली त डोळा गेला."

निगा राखण्याचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, नोकरीच्या पत्राची वाट पाहत. दर दोन-तीन दिवसांनी खटका काढायचा, ओठ पाथरीवर, धार लावायच्या दगडावर, घासायचा, फुटक्या काचेने तासायचा, मोहाच्या बियांचं तेल लावायचं. शेवटी कापसाचा पुंजका ओठावरून फिरवायचा. एक जरी तंतू अडकला तरी पुन्हा पाथरी. दोरीला मधोमध मेण. भाऊ संध्याकाळी निघताना फक्त एवढंच विचारी, "कापूस फिरवला का?"

पहिली काही वर्षं खटका सांबराच्या शिंगाचा होता. मी मॅट्रिक झालो त्या वर्षी तो चिरला. भावाने गावच्या लोहाराकडून नवा करून घेतला, गाडीच्या चाकाच्या मोडक्या धावेपासून. लोखंडाचा तो पहिलाच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तो खोलून घासला. कापूस सरळ निघून गेला.

दसऱ्याला आईने विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि धनुष्य पाटावर मांडलं. ओली हळद आणि ओलं कुंकू तिने सगळ्यांना लावलं. धनुष्याला मात्र नेमकं खटक्याच्या खाचेत, ओठावरच, बोटाने दाबून. "जिथून बाण सुटते तिथीच देवी बसते," ती म्हणाली. आमच्या घरी पूजेचं कुंकू पुसत नसत. नव्या धानाची पहिली पेंडी घरात आली की मगच हत्यारं धुवायची. शिंगाच्या खटक्याला याचा काही त्रास झाला नव्हता.

पुढचे आठ दिवस भाऊ रोज धनुष्याची दोरी ताणून बांधावर बसला. दव पडत होतं. खाचेतलं कुंकू वाळलं, पुन्हा ओलं झालं, काळपट तांबडं झालं. खाली गंज धरला असेल तर तो दिसणार नव्हता, लालावर लाल. मला शंका आली होती. खटका खोलायचा तर कुंकू पुसावं लागणार, आणि आई अंगणातच बसलेली असायची. मी खोलला नाही.

नवव्या दिवशी निघताना भावाने विचारलं, "कापूस फिरवला ना?"

"फिरवला," मी म्हणालो.

उत्तर खरं होतं.

ऊन उतरता उतरता नाल्याच्या बाजूने तीन डुकरं आली. मी दुसऱ्या टोकाला डुकरं हाकायला रिकामा डबा घेऊन उभा होतो. भावाने गाल दांड्याला टेकवलेला मी पाहिला. मग फट्कन आवाज आला, पण बाण गेला नाही. भाऊ बांधावर बसला आणि त्याने दोन्ही हात तोंडावर ठेवले. डुकरं धानात शिरली. ती किती वेळ होती, ते मी पाहिलं नाही.

बैलगाडीने त्याला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, तिथून चांद्याला. उजवा डोळा काढावा लागला.

घरी आई सांगत राहिली, "हत्याराची थट्टा चालली होती गावात. देवी रागावली." शेजारच्या शेतकऱ्याने आमच्याकडे येणं बंद केलं. त्याला कुणी काही बोललं नव्हतं.

भाऊ चांद्याला असताना मी खटका खोलला. कुंकू खरवडलं. खाली ओठाला खड्डे पडले होते. कापूस फिरवला. जवळजवळ सगळा पुंजका तिथेच राहिला.

तो परतल्यावर मी त्याच्यासमोर खटका ठेवला. त्याने अंगठा फिरवला.

"कवा फिरवला होता कापूस?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी."

त्याने खटका पुन्हा दांड्यात बसवला. मग म्हणाला, "मायले सांगू नको."

धनुष्य त्याने माळ्यावर टाकलं.

पुढच्या दसऱ्याला आईने पाट मांडला आणि धनुष्य मागितलं. भाऊ माळ्यावर चढला, त्याने चाचपडत ते काढलं आणि पाटावर ठेवलं. दोरी नव्हती. आईने कुंकवाचं बोट खाचेत दाबलं. भाऊ तिच्या शेजारी हात जोडून उभा होता. पहिली पेंडी येईपर्यंत ते कुंकू कुणी पुसलं नाही.