मामांचं पुस्तक आणि कोठीतलं बारसं

जगात पुस्तकं वाचणारी माणसं पुष्कळ आहेत, पण मिक्सरबरोबर आलेलं माहितीपत्रक पहिल्या सूचनेपासून कंपनीच्या पत्त्यापर्यंत वाचून वर त्यावर चर्चेला बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामांची उभी हयात बोटीवर, इंजिनाच्या खोलीत गेली. तिथे पुस्तक वाचल्याशिवाय साध्या पंपालाही हात लावायचा नाही असा दंडक होता. मामा निवृत्त होऊन बोटीवरून उतरले, पण दंडक त्यांनी बरोबर आणला. आरे-वारेच्या रस्त्यालगत, समुद्राची गाज ऐकू येईल अशा जागी त्यांनी घर बांधलं आणि घरात आलेल्या प्रत्येक वस्तूचं पुस्तक एका पत्र्याच्या पेटीत, लवंगा आणि कडुलिंबाचा पाला घालून जपलं. कुकरचं पुस्तक फाटायला आलं तेव्हा त्यांनी ते कापडावर चिकटवून घेतलं. आमच्या लग्नात त्यांनी आम्हाला इस्त्री दिली, तीही पुस्तकातल्या महत्त्वाच्या ओळी तांबड्या पेन्सिलीने अधोरेखित करून, आणि मी त्यांच्याकडे गेलो की अजूनही चहाआधी ते त्या इस्त्रीची चौकशी करतात.

औषधाच्या खोक्यातला पातळ कागद तर त्यांच्या खास आवडीचा. मामींना एकदा डॉक्टरांनी साध्या सर्दीवर गोळ्या दिल्या होत्या. मामांनी भिंग लावून कागद वाचला आणि दिवसभर मामींच्या मागे, "अगो, खाज येते काय? गरगरल्यासारखं होतंय काय?" असं सुरू केलं. मामी शेवटी म्हणाल्या, "आधी येत नव्हती, तुम्ही विचारायला लागल्यापासून येतेय." शेजाऱ्यांचा विहिरीवरचा पंप बंद पडला तेव्हा मामांना बोलावणं आलं. मामा गेले आणि पंपाकडे न बघता त्यांनी पुस्तक मागितलं. पुस्तक मागच्या पावसात चूल पेटवायला वापरल्याचं कळल्यावर ते विहिरीच्या काठावर मटकन बसले. पंप त्यांनी नंतर दुरुस्त केला, पण त्या घरचा चहा मात्र घेतला नाही.

अशा माणसाच्या घरी लॅपटॉप आला. तो कॅनडातल्या त्यांच्या लेकीने पाठवला, आणि तो मामांसाठी नव्हता, मामींसाठी होता. लेकीला मुलगी झाली होती. मामींच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्याचं दुखणं वाढत चाललं होतं. नजर अशीच मंदावत जाईल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आणि लांबच्या प्रवासाला तर त्यांनी साफ नाही म्हटलं होतं. मोबाईलच्या पडद्यावर नात त्यांना सुपारीएवढी दिसायची. "कोणीतरी गुंडाळून ठेवलंय एवढं कळतं हो, पण नाक कोणावर गेलंय ते काय कळत नाय," असं त्या हसत म्हणायच्या, आणि ते हसणं आम्हाला बघवत नसे. म्हणून लेकीने भल्या मोठ्या पडद्याचा लॅपटॉप धाडला. श्रावणातल्या शेवटच्या रविवारी बारसं होतं. तोवर तो चालू होऊन मामींना नातीचं तोंड दिसावं, एवढीच सगळ्यांची इच्छा.

मी खोकं उघडलं. आत लॅपटॉप, वायर आणि एक घडीचा कागद. कागदावर अक्षर जवळजवळ नाहीच, नुसती चित्रं. एका चित्रात हात झाकण उघडतोय, दुसऱ्यात बोट बटण दाबतंय. मामांनी तो कागद उलटसुलट केला, खोकं पालथं करून झटकलं, थर्माकोलच्या आतही हात घालून पाहिलं.

"जावईबापू, पुस्तक कुठाय?"

"मामा, हल्ली पुस्तक देत नाहीत. ते लॅपटॉपच्या आतच असतं. नाहीतर कंपनीच्या वेबसाइटवर."

मामांनी चष्मा काढला. "म्हणजे यंत्र चालू कसं करायचं ते वाचायला आधी यंत्र चालू करायचं? आमच्या बोटीवर असा माल आला असता तर बंदरातूनच परत धाडला असता."

मी म्हटलं, नुसतं बटण दाबायचंय. त्यावर मामा म्हणाले, "बटण दाबायला अक्कल लागत नाय. दाबल्यावर काही झालं तर लागते." आणि त्यांनी लॅपटॉप खोक्यात घालून खोकं कपाटावर ठेवून दिलं. मामा आंघोळीला गेल्यावर मी गुपचूप ते खाली काढायला निघालो, पण मामींनीच मला अडवलं. "नको हो. त्यांना लागेल मनाला. इतकी वर्षं ते बोटीवर नि मी घरी, तेव्हा थांबलेच ना मी? आणखी थोडी थांबेन," म्हणाल्या.

आता पुस्तक मिळवणं माझ्यावर आलं. लॅपटॉपच्या पोटाखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत मॉडेल लिहिलेलं होतं. ते उतरवून घेऊन मी बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे बसलो. वेबसाइटवर आधी माझी भाषा विचारली, मग देश, मग माझी अडचण काय आहे ते. मामा ही अडचण त्या यादीत नव्हती. अखेर पुस्तक सापडलं, छापून घेतलं, आणि झेरॉक्सवाल्याने हौसेने त्याला तारेचं बाइंडिंग करून दिलं. मामांनी ते हातात घेतलं आणि पहिल्यांदा तार काढून टाकली. "खाऱ्या हवेत गंजणार ही," असं म्हणत त्यांनी दाभण आणि सुतळी घेऊन पडवीत बसून ते पुस्तक गोणपाट शिवावं तसं शिवलं.

मग वाचन सुरू झालं. मामा पट्टी धरून ओळ न् ओळ वाचायचे आणि मला फोन करायचे. पुस्तक एकाच वेळी बऱ्याच मॉडेलांचं होतं, त्यामुळे पानोपानी 'ही सोय काही मॉडेलमध्येच उपलब्ध' असं छापलेलं. मामा संतापले. "बोट बनवलीय का होडी, ते बनवणाऱ्यालाच ठाऊक नाय," म्हणाले, आणि लॅपटॉप समोर ठेवून, कंदिलासारखी बॅटरी धरून, असलेल्या प्रत्येक भोकावर पुस्तकात खूण आणि नसलेल्यावर फुली मारत बसले. तरी मला बरं वाटत होतं, कारण गाडी पुढे सरकत होती. बारशाच्या आदल्या दिवशी मात्र त्यांचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता.

"जावईबापू, बारसं काय आता दिसत नाय."

मी धावत गेलो. मामांनी शेवटाकडचं एक पान पुढे केलं. हवेतला दमटपणा नव्वद टक्क्यांच्या वर असल्यास यंत्र वापरू नये, असं त्यावर लिहिलेलं होतं. पडवीत मामांनी बोटीच्या दिवसांत सिंगापूरहून आणलेलं दमटपणा मोजणारं काट्याचं यंत्र टांगलेलं असतं. त्याचा काटा नव्वद केव्हाच ओलांडून बसला होता, आणि श्रावणात आमच्याकडे तो खाली यायचा नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. "दिवाळीनंतर चालू करता येईल," मामा म्हणाले. ते हट्टाने बोलत नव्हते. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. स्वतःचा नियम मोडायचा कसा आणि मामींना सांगायचं काय, या दोहोंत ते अडकले होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आली ती दयाच.

मामी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझे पापड पावसात कधी मऊ पडलेत?"

"नाय."

"मग ते जिथे राहतात तिथे न्या ना त्याला."

मामींची कोठी म्हणजे न्हाणीच्या चुलीला लागून असलेली छोटी खोली. अंघोळीच्या पाण्याची ती चूल दिवसभर धुमसत असते, त्यामुळे कोठीची भिंत बारा महिने उबदार. मामांनी सिंगापूरचं यंत्र उचललं, कोठीत नेऊन टांगलं आणि समोर उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो. काटा जरा थरथरला आणि सावकाश नव्वदच्या खाली उतरून थांबला. मामांनी इतका मोठा श्वास सोडला की फणसाच्या पापडांवरचा कागद हलला. आम्हा सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला.

रविवारी संध्याकाळी बारसं कोठीत झालं. लॅपटॉप तांदळाच्या पिंपावर, मामी पाटावर, मी कोकमाच्या बरणीला टेकून. आत रेंज येईना म्हणून मोबाईल खिडकीच्या गजात अडकवला होता. मामांनी धुतलेला सदरा घातला, पुस्तक उघडून ते पान पुन्हा एकदा वाचलं आणि बटण दाबलं. यथावकाश पडदाभर नात आली. मामी इतक्या पुढे वाकल्या की त्यांचं नाक पडद्याला लागायचं राहिलं. नातीचं तोंड त्यांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत निरखून घेतलं. मग म्हणाल्या, "नाक तुमचंच हो. देवा, मुलीच्या जातीला." पलीकडे लेक हसली आणि रडलीही. मामींनी पाळणा म्हटला, आणि म्हणता म्हणता कमरेची काजळाची डबी काढून बोट बुडवलं आणि पडद्यावर, नातीच्या गालावर, तीट लावली.

मी मामांकडे पाहिलं. पडद्याला बोट लावू नये, कोणताही पदार्थ लावू नये, या ओळीखाली त्यांनी तांबड्या पेन्सिलीने दोन रेघा मारलेल्या मला ठाऊक होत्या. मामांनी पुस्तक मिटलं आणि मांडीखाली घेतलं.

आता नात धरून धरून चालते. मामींना मात्र तो मोठा पडदाही नुसता उजेडासारखा दिसतो. दर रविवारी दोघं कोठीत बसतात आणि मामा त्यांना नात वाचून दाखवतात. "उजवा हात वर. पुढचे दात दोन. चालतंय, पडलं, उठलं, हसतंय." पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मऊ कापडाने पडदाही पुसतात, पण काजळाच्या ठिपक्याच्या भोवतीने. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तिटेबद्दल पुस्तकात काय लिहिलेलं नाय."

नात काही एका जागी बसत नाही, त्यामुळे तो ठिपका कधी तिच्या मागच्या खिडकीच्या पडद्यावर असतो, कधी त्यांच्या कॅनडातल्या जावयाच्या कपाळावर. मामी मध्येच विचारतात, "तीट हाय ना हो तिला?"

"हाय गो," आयुष्यभर छापलेल्या ओळीच्या बाहेर न गेलेले मामा सांगतात, "बरोबर गालावर हाय."