दारातला बावा

आकाराम फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि १९७० साली तासगावजवळच्या आपल्या गावी परतले. घर नवं बांधलेलं होतं. त्यापुढं त्यांनी पहिला खणला तो झाडासाठी खड्डा. जागा एकाच झाडापुरती होती. बायको विजयमाला यांना तिथं कडुलिंब हवा होता, हवालदारांना अमलताश. जबलपूरच्या छावणीत मेसपुढं त्याची रांग होती. ऐन मे महिन्यात, बाकी सगळं करपलेलं असताना, ती झाडं पिवळ्या घोसांनी लगडत.

सांगलीच्या रोपवाटिकेत हे नाव कुणाला कळेना. मालक नानासोंनी गुलमोहर दाखवला, क्रोटन दाखवले. शेवटी म्हणाले, "हवालदार, ते उत्तरेकडचं झाड दिसतंय. आपल्या मातीत यायचं न्हाई."

पावसाळा गेला. खड्ड्यात कोंबड्या लोळू लागल्या.

"म्होरल्या मिरगापत्तोर बघीन," विजयमाला म्हणाल्या. "तवर तुमचा पाव्हणा आला न्हाई, तर माझा लिंब लागला म्हणून समजा."

पुढच्या वैशाखात दोघं विजयमालांच्या माहेरी, शिराळ्याच्या बाजूला निघाली. एसटी डोंगराच्या कडेला लागली आणि हवालदार जागेवरून उठले. उतारावर पिवळे घोस लोंबत होते.

"त्यो बघ अमलताश."

विजयमालांनी खिडकीतून पाहिलं. "ह्यो? आवं, ह्यो तर बावा."

त्या बहावा म्हणत होत्या. त्यांच्याकडं त्यातला 'ह' कुणी उच्चारत नाही. हवालदारांना वाटलं, झाडाखाली कुणी गोसावी बसलाय.

"कुठला बावा? मला कोण दिसंना."

मागच्या बाकावर हसू फुटलं. विजयमालांनी मात्र शांतपणे सांगितलं, "झाडाचं नाव हाय त्ये. माझ्या माहेरी परसात हाय. शेंगंचा गर खायला घालून आई आमची पोटं साफ करायची."

"म्हंजी वरीसभर मी जुलाबाचं झाड हुडकत हुतो?"

"व्हय. आन् त्ये बी सांगलीला जाऊन."

परतताना त्यांनी हातभर लांब, काळ्या शेंगा आणल्या. बी टणक होतं. विजयमालांनी ते दगडावर घासलं, पाण्यात भिजवलं आणि रिकाम्या डब्यात लावलं. मिरीग आला तेव्हा रोप जेमतेम बोटभर होतं. ते काही खड्ड्यात लावण्याजोगं नव्हतं. हवालदारांनी स्वतःच कडुलिंबाचं रोप आणून बायकोपुढं धरलं. "शब्द म्हंजी शब्द."

विजयमालांनी रोप घेतलं आणि गोठ्यामागं नेऊन लावलं. दारातला खड्डा तसाच ठेवला आणि डब्यातल्या बहाव्याकडं बोट दाखवून म्हणाल्या, "त्याला वाढू द्या थोडं."

श्रावणात बहावा खड्ड्यात गेला. बाहत्तरच्या दुष्काळात शेजाऱ्यांनी हौसेनं आणलेले गुलमोहर वाळले. बहाव्याला घरातलं आंघोळीचं पाणी मिळत राहिलं. त्यानं पानं टाकली, पण खोड हिरवं ठेवलं.

यंदा, १९७९च्या मे महिन्यात तो पहिल्यांदा फुलला. शेजारच्या भामाबाई बी मागायला आल्या. शेंगा वाळल्यावर देऊ, असं ठरलं.

"पर ह्याला म्हणायचं काय?" त्यांनी विचारलं.

"बावा," हवालदार म्हणाले.

"अमलताश," विजयमाला म्हणाल्या. "दारात लावायचाय न्हवं? मग अमलताशच बरं."