चेतापेशी, अंडी आणि आमचे एचओडी

संशोधनाचे निष्कर्ष मोठ्या शहरांत निघतात आणि किस्से जालन्यात, असं माझं ठाम मत झालंय. पीएचडीला लागल्यापासून मला निष्कर्ष मिळाले मोजके आणि किस्से पोतंभर. ऐकणारे हसतात. मला मात्र सांगतानासुद्धा संताप येतो!

आधी काम सांगते. नुकतीच जन्मलेली चेतापेशी गोल, वाटाण्यासारखी असते. बाहेरून रासायनिक निरोप आला, की तो पेशीच्या आत एका रेणूकडून दुसऱ्याकडे जातो आणि मग तिला फांद्या फुटतात. शेजारच्या पेशींचं म्हणणं ती या फांद्यांनीच ऐकते. या पेशी ज्या काचेच्या डिशमध्ये वाढतात, त्यातल्या निम्म्यांत मी औषध घालून हा निरोप मध्येच अडवते, निम्म्या तशाच ठेवते. अडवलेल्या पेशींना फांद्या कमी आणि बाकीच्यांना भरपूर दिसल्या, तर माझा प्रबंध उभा राहणार. नाहीतर एवढी वर्षं पाण्यात.

या पेशी अंड्यात वाढणाऱ्या पिल्लाच्या मेंदूतून काढतात. त्यासाठी फलित अंडी लागतात, दुकानातली चालत नाहीत. मी ती जाफराबादहून जीपमधून आणते, टोपली मांडीवर धरून. एकदा शेजारच्या मावशींनी भाव विचारला. विकायची नाहीत, पिल्लांच्या मेंदूचा अभ्यास करायचाय, असं मी सांगितलं. मावशी जरा सरकून बसल्या आणि पुढच्या बाईला म्हणाल्या, "एवढी शिकली पोरगी, अन् कोंबडीच्या डोक्याचा अभ्यास करून राह्यली!" अख्खी जीप हसली, ड्रायव्हरसुद्धा.

विभागात माझ्या शेजारी कदम सर बसतात. मी अंडी उबवायला ठेवून कॅन्टीनला गेले. परत आले तर दोन कमी, आणि सगळीकडे कांद्याचा वास. सरांनी प्रयोगशाळेच्या बर्नरवर भुर्जी केली होती! "गावरान हायत ना मॅडम? चवीवरूनच समजलं," असं वर म्हणाले. मी खूप बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मस्तगडातल्या दुकानातून ट्रेभर अंडी आणून माझ्या टेबलावर ठेवली. आता हिशोब मिटला, असा त्यांचा चेहरा होता.

तपासणी समितीचं तर विचारूच नका. पेशी इन्क्युबेटरमध्ये ठेवतात. आत कोंबडीच्या पोटाखाली असते तेवढी ऊब लागते, म्हणून दार उगाच उघडायचं नसतं. मी तशी मोठी पाटी लावली होती. समितीतल्या प्रत्येकाने दार उघडून आत डोकावलं. एका साहेबांनी पाटी मोठ्याने वाचली आणि मग उघडलं! आमचे एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, अभिमानाने शेजारी उभे होते, यंत्र बिलकुल चालू आहे म्हणून सांगत.

हेच एचओडी खंडेनवमीला विभागातली सगळी यंत्रं पुसून घेतात. हळदीकुंकू, झेंडूचा हार, नारळ, सगळं रीतसर. यंदा मी सकाळीच नव्या डिश भरून इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या, मायक्रोस्कोपला मनापासून नमस्कार केला आणि गावी गेले. दसऱ्यानंतर फोटो काढायचे होते.

परत आले तर इन्क्युबेटर गार. दारावर हार, बटण बंद.

एचओडी सरांना विचारलं, कोणी बंद केला? ते शांतपणे म्हणाले, "मीच. पूजलेल्या हत्याराकडून दसऱ्यापर्यंत काम करून घेत न्हाईत, मॅडम. आमच्याकडं औतसुद्धा उभं असतं."

मी एकेक डिश मायक्रोस्कोपखाली ठेवली. औषध घातलेल्या, न घातलेल्या, सगळ्याच पेशी मेलेल्या. गोलच्या गोल. मला रडू आलं. सरांनी मला बाजूला केलं, औषधाच्या डिशवरची चिठ्ठी वाचली आणि स्वतः डोळा लावला. बराच वेळ बघितलं. मग त्यांचा चेहरा खुलला.

"एकीलाबी फांदी न्हाई. मंग रडता कशाला? तुमचं म्हणणं बराबर निघालं की. जल्दी फोटो काढून घ्या."