स्टँडवरच्या बाईंची जीभ

बसस्टँडवर गाड्यांच्या सूचना देणाऱ्या बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. काचेच्या खोलीत माइकसमोर बसून त्या दिवसभर बोलायच्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुठली रद्द. पाणी त्या जपून प्यायच्या, कारण बायकांचं स्वच्छतागृह स्टँडच्या पार दुसऱ्या टोकाला होतं आणि माइक सोडून एवढं लांब जायचं कधी? घसा कोरडा पडला की थर्मासमधला कोरा चहा, घोट घोट. त्यावर दिवस निघायचा.

घरी अण्णा होते, बाईंचे वडील. उमेदीत बस चालवायचे. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची एक बाजू लुळी पडली आणि बोलणं बोबडं झालं. बाई सकाळी त्यांचं सगळं आवरून, शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगून ड्यूटीवर यायच्या. परत गेल्या की पुन्हा तेच. धाकटा भाऊ दूरगावी नोकरीला. "ताई, काही लागलं तर सांग हं," असं तो फोनवर म्हणायचा. बाई "बरं" म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या.

अलीकडे अण्णा जेवेनासे झाले होते. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायचे. "मी काय विष घालतेय का?" बाई एकदा करवादल्या. अण्णांनी ओठ आणखी घट्ट मिटले.

त्यातच बाईंची दाढ सुजली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या संपल्या, सूज उतरली, आणि एका सकाळी दात घासताना आरशात त्यांना आपली जीभ दिसली. मागच्या बाजूला काळपट तपकिरी, लव उगवल्यासारखी. त्यांनी टॉवेलच्या टोकानं खसाखसा पुसलं. रंग जाईना. मावशी तोंडाच्या कर्करोगानं गेली होती, ती डोळ्यांसमोर आली. मग वाटलं, आपल्याला काही झालं तर अण्णांचं कोण करणार? आणि त्यामागून आणखी एक विचार आला, की दवाखान्यात पडून राहता आलं तर निदान झोप तरी होईल. या विचाराची त्यांना लाज वाटली. त्या तोंड धुऊन कामाला गेल्या.

कोणाला काही सांगितलं नाही. पण दुपारी जांभई आली आणि समोर बसलेल्या कंट्रोलरनं पाहिलं.

"बाई, तुमची जीभ काळी आहे की! तरीच तुम्ही म्हणता ती गाडी रद्द होते."

बाई हसल्या, पण त्यानंतर बोलताना तोंडावर हात ठेवू लागल्या. दोन दिवसांनी कंट्रोलरच म्हणाला, "थट्टा केली हो मी. पण दाखवून या. तेवढा वेळ माइक मी धरतो."

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून पाहिलं, एक-दोन प्रश्न विचारले आणि खुर्चीत मागे टेकल्या. "हा कर्करोग नाही. जिभेवरचे बारीक कंगोरे झिजायला हवेत, ते झिजले नाहीत, वाढले. त्यांत चहाचा रंग बसला. तोंड कोरडं, त्यात त्या गोळ्या. तंबाखू?"

"नाही."

"चांगलं. मऊ ब्रशनं रोज जीभ घासा, हलक्या हातानं. खरवडू नका. चहा कमी, पाणी जास्त. काही आठवड्यांत रंग गेला नाही, किंवा पांढरा-लाल चट्टा, न भरणारा फोड दिसला, तर परत या."

बाईंचा जीव भांड्यात पडला. तरी उठवेना. एवढीशी गोष्ट, नुसतं पाणी प्यायचं, आणि तेवढीही आपल्याच्यानं होत नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी अण्णांपुढे टॉर्च धरला. "तोंड उघडा बघू." वरची कवळी कितीतरी दिवस काढलीच नव्हती. काढली तर खाली टाळू लालभडक. जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग, बोटाला फडकं गुंडाळून जरा पुसलं तर खालून रक्ताळलेली कातडी. अण्णा कळवळले.

दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बुरशी होती. तोंडात धरायचं औषध मिळालं, आणि सक्त ताकीद: झोपताना कवळी काढायची, घासून पाण्यात ठेवायची.

आठवड्याभरात अण्णा वाटीभर जेवले. बाई त्यांचं तोंड पुसत होत्या. "दुखत होतं ना? मग सांगायचं नाही का?"

अण्णांनी शब्द जुळवायला वेळ घेतला. "तू... दमलेली असायचीस."

बाई वाटी घेऊन मोरीत गेल्या आणि नळ सोडून उगाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी भावाला फोन लावला.

"काही लागलं तर सांग म्हणतोस ना? लागतंय. रजा काढून ये."

"ताई, आत्ता ऑफिसात..."

"ये," बाई म्हणाल्या.

तो कुरकुरत आला. पहिल्याच दिवशी अण्णांची कवळी काढताना बोट चावून घेतलं आणि दिवसभर ते सगळ्यांना दाखवत हिंडला. पण शिकला. बाईंच्या जिभेवरचा काळेपणा हळूहळू विरला. नेमका कधी, ते त्यांनी पाहिलंही नाही. भाऊ होता तेवढे दिवस त्या ड्यूटीवरून आल्या की चपला काढून आडव्या व्हायच्या, आणि बाहेरच्या खोलीत बापलेकांचं काय चाललंय हे विचारायलाही उठायच्या नाहीत.